एका गोळीची किंमत: २,३३७ की ७४?

२,३३७ रुपये आणि ७४ रुपये. २०१२ साली एकाच औषधाच्या एका गोळीच्या या दोन किमती होत्या. औषध सोराफेनिब, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा कर्करोग बळावला की दिलं जाणारं. रोज चार गोळ्या, महिन्याला १२०. बायर कंपनीचं 'नेक्सावार' घेतलं तर महिन्याला २,८०,४२८ रुपये, हैदराबादच्या नॅटकोचं घेतलं तर ८,८८० रुपये.

आमच्या नागपूरच्या हुडकेश्वर रोडवरून मानेवाडा चौकातून पुढे गेलं की तुकडोजी पुतळ्याजवळ राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय लागतं. सगळ्या विदर्भातून रुग्ण तिथे येतात. सोबतचा नातेवाईक चिठ्ठी घेऊन मेडिकलच्या काउंटरवर उभा राहतो, दुकानदार पट्टी उलटी करून छापील किंमत वाचतो, आणि तो माणूस खिशातले पैसे पुन्हा एकदा मोजतो. पट्टीवरचा तो आकडा जिनिव्हा, दिल्ली आणि मुंबई असा फिरून आलेला असतो.

१९७० च्या पेटंट कायद्यात औषधाला पेटंट नव्हतंच. ते बनवण्याच्या पद्धतीला होतं, तेही जास्तीत जास्त ७ वर्षं. पद्धत बदला, तेच औषध बनवा. या सवलतीवर भारतीय औषधउद्योग उभा राहिला. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरमध्ये देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांचा दर १०,००० डॉलरच्या वर होता.

१ जानेवारी १९९५ ला जिनिव्हाची जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्यासोबत 'ट्रिप्स' हा बौद्धिक संपदेचा करार. पेटंट २० वर्षांचं, औषधालाही. भारताला २००५ पर्यंत मुदत होती, पण तोवर पेटंटचे अर्ज स्वीकारून ठेवण्याची सोय करणं बंधनकारक होतं. त्यासाठीचा वटहुकूम मार्च १९९५ मध्ये संपला आणि विधेयक १९९६ मध्ये लोकसभा विसर्जित होताच बारगळलं. अमेरिकेने तक्रार केली. १९ डिसेंबर १९९७ ला संघटनेच्या अपील मंडळाने भारताच्या विरुद्ध निकाल दिला. मार्च १९९९ मध्ये संसदेने कायदा बदलला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. युरोपीय संघाचे नियम सदस्यदेशांत थेट लागू होतात. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करार आपोआप कायदा होत नाही; राज्यघटनेच्या कलम २५३ नुसार संसदेला तसा कायदा करावा लागतो. म्हणजे करार चौकट देतो, पण चौकटीत काय लिहायचं हे आपल्या हातात उरतं. पेटंट कायद्यात २००५ ची दुरुस्ती करताना खासदारांनी ही जागा वापरली. कलम ३(ड) मध्ये त्यांनी लिहिलं की जुन्या औषधाचं रूप थोडं बदललं आणि गुण वाढला नाही, तर नवं पेटंट नाही. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने याच कलमावर नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिव्हेक या कर्करोगाच्या औषधावरचा पेटंटचा दावा फेटाळला.

सोराफेनिबची गोष्ट याच कायद्याच्या कलम ८४ ची. पेटंट दिल्यापासून ३ वर्षांनंतरही औषध लोकांना परवडत नसेल किंवा पुरेसं मिळत नसेल, तर दुसऱ्या कंपनीला सक्तीचा परवाना देता येतो. ट्रिप्सचं कलम ३१ याला मोकळीक देतं. ९ मार्च २०१२ ला मुंबईच्या पेटंट कार्यालयाने नॅटकोला असा परवाना दिला. बायरला विक्रीवर ६ टक्के स्वामित्वधन ठरलं, पुढे ते ७ टक्के झालं. बायरचं औषध गरजू रुग्णांपैकी सुमारे २ टक्के लोकांपर्यंतच पोचत होतं, हे त्या निकालामागचं मोठं कारण. जुलै २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल कायम ठेवला. भारताने आजवर दिलेला असा परवाना हा एकच.

तो २ टक्क्यांचा हिशेब मांडता आला, कारण पेटंटधारकाला आपलं औषध देशात किती पोचवलं याची माहिती 'फॉर्म २७' मध्ये दरवर्षी द्यावी लागत होती. मार्च २०२४ च्या नियमांनी ती आता ३ वर्षांतून एकदा द्यायची आहे. जुलै २०२५ मध्ये ब्रिटनबरोबर झालेल्या व्यापार करारातही औषधं मिळवून देण्याचा अधिक चांगला मार्ग म्हणून कंपनीच्या स्वखुशीच्या परवान्याला पसंती दिलेली आहे. सक्तीचा परवाना कायद्यात शाबूत आहे, पण तो मागायला लागणारा पुरावाच उशिरा मिळणार असेल तर तो कागदावर राहील, असं मला वाटतं. शिवाय १९९९ आणि २००५ चे बदल संसदेत चर्चेला आले होते. २०२४ चा बदल सरकारी अधिसूचनेने झाला.

पुढचा व्यापार करार होईल तेव्हा आयातशुल्काच्या बातमीवर थांबू नका. बौद्धिक संपदेचं प्रकरण वाचा, आणि फॉर्म २७ पुन्हा दरवर्षी मागावा, असं आपल्या खासदाराला लिहून कळवा.