बचावाने जिंकलेला डाव

बुद्धिबळात हल्ला करणाऱ्याचे कौतुक होते आणि बचाव करणारा भित्रा ठरतो. मुलुंडला आमच्या इमारतीच्या जिन्याखाली संध्याकाळी पट मांडला जातो. तिथली पोरे चौथ्या-पाचव्या चालीलाच वजीर बाहेर काढतात, दोन शह देतात, आणि मग तोच वजीर वाचवता वाचवता त्यांच्या नाकी नऊ येतात. पोरे हुशार आहेत. पण एखादा मोहरा गेला की 'हरलो' म्हणून पट मोडतात, ते मात्र मला खटकते. हरायला अजून पुष्कळ अवकाश असतो.

नागपूरच्या दिव्या देशमुखचेच पाहा. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाची अंतिम लढत झाली. समोर कोनेरू हंपी, म्हणजे जलद बुद्धिबळात दोनदा जगज्जेत्या झालेल्या बाई. दिव्या अवघी १९ वर्षांची. दीर्घ वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले. पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळे मोहरे, म्हणजे पहिली चाल समोरच्याची. तिने डाव धरून ठेवला. वेळ कमी पडू लागला तशा हंपींच्या हातून चुका झाल्या, आणि डाव व चषक दोन्ही दिव्याला मिळाले. उपांत्य फेरीतला तिचा विजयी डाव तर १०१ चाली चालला होता! एरवी ही मुलगी आक्रमक खेळाबद्दल ओळखली जाते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आता डाव धरून ठेवायचा म्हणजे काय करायचे? स्वस्थ बसायचे नाही. समोरच्याने चाल केली की आधी स्वतःला विचारायचे, 'याला आता काय हवे आहे?' आपल्या प्रत्येक मोहऱ्याला दुसऱ्याचा जोर आहे ना, हे पाहायचे; बिनजोर मोहरा म्हणजे कुंपण नसलेले शेत. किल्लेकोट झाल्यावर राजापुढची प्यादी उगाच हलवायची नाहीत. घोडा चुकला तर परत येतो, प्यादे मागे येत नाही. राजावर गर्दी झाली तर मारामारी करून हल्ल्यातले मोहरे कमी करायचे, विशेषतः वजिरावर वजीर.

आणि एखादे प्यादे कमी पडले तर? गुरुजींनी मुलांना हे जरूर दाखवावे: अशा वेळी मोहरे राखावेत आणि प्याद्यांची मारामारी करावी. कारण राजाच्या जोडीला नुसता एक उंट किंवा एक घोडा उरला, तर त्याने मात करता येत नाही.

परवा जिन्याखाली एका पोराने हेच केले. दोन मोहऱ्यांनी मागे होता. पट मोडला नाही. शेवटी आपला घोडा देऊन त्याने समोरच्याचे उरलेले एकमेव प्यादे उचलले. समोरच्याकडे राजा आणि उंट राहिले. तो बिचारा बराच वेळ पटाकडे पाहत बसला होता.