गच्चीवरचं पाणी आणि मोरीतलं पाणी

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी मला गाठलं. म्हणाले, ‘‘सर, तुम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलंत. पुढचा विषय गटाराचा, हे खरं का?’’ (हशा) खरं आहे. का, ते शेवटी सांगतो. आधी गटार समजून घेऊ.

मुंबईच्या पोटात दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. एक मलवाहिन्यांची. संडास, मोरी, स्वयंपाकघर यांचं सांडपाणी त्यांतून उदंचन केंद्राकडे, तिथून प्रक्रियेकडे आणि पुढे समुद्रात किंवा खाडीत जातं. दुसरी पर्जन्य जलवाहिन्यांची. गच्ची, अंगण, रस्ता यांवरचं पाणी नाल्यांतून थेट खाडीला, समुद्राला मिळतं. त्या वाटेवर प्रक्रिया नाही, कारण ते पावसाचं पाणी आहे असं गृहीत धरलेलं आहे. हे ‘गृहीत’ जरा लक्षात ठेवा.

ही वाटणी कशासाठी? एक हिशेब करू. चाळीस कुटुंबांची सोसायटी, माणसं दोनशे. माणशी रोज १३५ लिटर पाणी धरलं तर २७,००० लिटर झालं. त्यातलं साधारण ऐंशी टक्के सांडपाणी होतं, म्हणजे दिवसभरात २१,६०० लिटर. आता त्याच इमारतीची ५०० चौरस मीटरची गच्ची घ्या. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर तिच्यावरून एका तासात २५,००० लिटर पाणी उतरतं. दिवसभराच्या सांडपाण्याहून जास्त, तेही तासाभरात! मलवाहिनी या पाण्यासाठी बांधलेलीच नसते. बरं, तेवढी मोठी बांधावी, तर उरलेले आठ महिने तिच्यात पाणी संथ वाहील आणि गाळ साचेल.

म्हणून परवानगी लागते. इमारत बांधताना दोन्ही पाण्यांचे नकाशे मंजूर करून घ्यायचे. काम परवानाधारक प्लंबरकडून करायचं. उतार किती, चेंबर कुठे, जोड कोणत्या वाहिनीला, हे सगळं तपासून घ्यायचं. महापालिकेच्या वाहिनीला आपला पाइप परस्पर जोडायचा नाही, रस्ताही परस्पर खोदायचा नाही. आपल्याला हे कागदी घोडे वाटतात. पण परवानगी म्हणजे काय? शंभर घरांमागे ज्या एका पाइपाला वाहायचं आहे, त्याच्या वतीने कुणीतरी विचारलेला प्रश्न.

आता माझी गोष्ट. साधारण वीस वर्षांपूर्वी मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. गच्चीचा पाइप जिथे उतरायचा, तिथे मागच्या अंगणात पाणी तुंबायचं. कंत्राटदार म्हणाला, ‘‘रस्त्यापर्यंत नवी लाइन टाकायची तर परवानगी, खोदाई, दोन महिने जातील. बाजूलाच ड्रेनेजचं चेंबर आहे, त्यात सोडू?’’ मी सही केली. त्याच आठवड्यात वर्गात कांट शिकवत होतो. जो नियम सगळ्यांनी पाळावा असं तुम्ही म्हणू शकाल, त्याच नियमाने वागा, हे फळ्यावर लिहीत होतो.

पुढच्या जुलैत एका रात्री दार वाजलं. तळमजल्यावरचे शेजारी उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. वरच्या सगळ्या घरांचं मैलापाणी त्यांच्या संडासातून, मोरीतून वर येऊन घरभर पसरलं होतं. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. ते एवढंच म्हणाले, ‘‘सर, हे पाणी आलं कुठून?’’ मला माहीत होतं. त्या रात्री मी ते सांगितलं नाही. सकाळी सांगितलं. ती मधली रात्र अजून आठवते.

उलटा गुन्हाही होतो. मैल्याचा पाइप पावसाच्या गटारात सोडतात. तिथे घरात पाणी भरत नाही, म्हणून कुणी बोलत नाही. घाण प्रक्रियेविना नाल्यात आणि खाडीत जाते. मिठी नदीकडे बघा.

आणि शहराचं गृहीत? मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधल्या होत्या, त्यातही निम्मं पाणी जमिनीत मुरेल असं मानून. आपण अंगणं फरशांनी बंद केली, मुरायचं कुठे? ब्रिमस्टोवॅड या १९९३ च्या अहवालाने ही क्षमता तासाला ५० मिलिमीटर करायला सुचवलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढ्यापुढे कोणतंच गटार पुरणार नाही, हे मान्य. शिवाय भरतीच्या वेळी समुद्रच पाणी घेत नाही. पण दरवर्षीच्या साध्या पावसात जे तुंबतं, त्यात आपल्या सह्यांचा वाटा असतो.

मलवाहिनी तुंबली की ती साफ करायला आजवर आपण माणूस उतरवत आलो. २०१३ च्या कायद्याने गटारात माणसाला सुरक्षा साधनांविना उतरवणं गुन्हा ठरवलं. तरी मृत्यू थांबलेले नाहीत. आपल्या चुकीच्या जोडाची किंमत अशी कुणीतरी तिसराच मोजतो.

तेव्हा एक काम करा. पावसाळ्याआधी रंगपंचमीचा उरलेला रंग बादलीत कालवा आणि गच्चीच्या पाइपात ओता. प्लंबरकडून चेंबरची झाकणं उघडून घ्या, स्वतः आत डोकावू नका. रंग मैल्याच्या चेंबरमध्ये दिसला, तर सोसायटीची सभा बोलवा, वॉर्ड ऑफिसात अर्ज करा आणि पाइप वेगळा करून घ्या. आम्हीही अखेर तेच केलं. परवानगीला सात आठवडे लागले. कंत्राटदाराचा अंदाज बरोबर होता. (हशा)

तर, नीतीच्या माणसाने गटारावर का बोलावं? कारण पाणी नेहमी खालच्याच्या घरात शिरतं आणि सही नेहमी वरचा करतो.