तेवढं हेल्मेट काढता का?

पाळी सुटली की नगरच्या नागापूर एमआयडीसीतून दुचाक्यांचा लोंढा मनमाड रोडवर येतो आणि त्यातल्या बऱ्याच गाड्या आधी पेट्रोल पंपावर वळतात. शंभरचं, दोनशेचं भरायचं आणि मग कोणी बोल्हेगावला, कोणी सावेडीला, कोणी राहुरीच्या बाजूला. नंबरप्लेटा बहुतेक एमएच 16 च्या, मधूनच श्रीरामपूरची एमएच 17. मी स्कूटर चालवते आणि पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घालते. त्यामुळे गाडी थांबली की लोक आपल्याशी कसे वागतात, ते रोज अनुभवाला येतं. ते नीट समजून घ्यावं म्हणून मी पंपावर, सराफाच्या दुकानात, बँकेच्या दारात थोडा थोडा वेळ नुसती बघत थांबू लागले.

पंपावरच्या पोराचं काम बाहेरून वाटतं त्याहून बारीक आहे. एका हातात नोझल, खांद्याला पैशांची पिशवी, कान रांगेतल्या पुढच्या माणसाकडे. मोटारसायकलवाला टाकीचं झाकण उघडतो, हा "शून्य बघा" म्हणतो आणि विचारतो, "किती?" उत्तर हेल्मेटच्या आतून येतं. बाहेर ट्रकचे हॉर्न, शेजारी डिझेलचं मशीन. आतून आलेले दोनशे आणि तीनशे यांतला फरक काही केल्या कळत नाही. मग गिऱ्हाईक बोटं दाखवतं, किंवा पोरगा म्हणतो, "दादा, काच वर घ्या जरा." मी बघत होते त्या सगळ्या वेळात बहुतेकदा मागणी इतकीच होती. काच वर झाली, आकडा ऐकू आला, मशीनवर टाकला, पेट्रोल पडलं. पैसे फोनवरून गेले तर पैसे आल्याचं सांगणाऱ्या डब्यातून आवाज येतो आणि गाडी पुढे सरकते. हेल्मेट काढायची गरज कुणालाच पडत नाही.

रात्री चित्र बदलतं. पंपावरच्या एका मुलाने मला सांगितलं, "दोघं जण, दोघांची तोंडं झाकलेली, आणि गाडी चालूच ठेवतात, तेव्हा हात आपोआप पिशवीवर जातो." त्याचं म्हणणं मला खोटं वाटलं नाही. पाळी संपताना हिशेबात कमी आलेले पैसे त्याच्याच पगारातून जातात, असंही तो म्हणाला. अशा वेळी तो "हेल्मेट काढा" म्हणतो आणि त्या सांगण्यात हुकमापेक्षा भीती जास्त असते. नोझल हातात घेऊन उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा दिसावा, ही मागणी योग्यच आहे. प्रश्न आहे तो चेहरा दिसण्यासाठी किती काढायला लावायचं याचा.

इंग्लंड-ऑस्ट्रेलियातल्या पंपांवरही मोटारसायकलवाल्यांना हेल्मेट काढायला सांगतात आणि तिथे त्यावरून वर्षानुवर्षं कुरबुर चालू आहे. पण तिथलं कारण वेगळं. गिऱ्हाईक स्वतःच नोझल धरून आधी पेट्रोल भरतं आणि मग आत जाऊन पैसे देतं. पैसे न देता कोणी पळालं तर मागे कॅमेऱ्यातला चेहराच उरतो. आपल्याकडे पेट्रोल माणूस भरतो, पैसे तिथेच हातोहात घेतो, नंबरप्लेट डोळ्यांसमोर असते. तिकडची पाटी इकडे तशीच लावून चालत नाही.

शिवाय आपल्या पंपांवर याच्या अगदी उलटा आग्रह होऊन गेला आहे. जुलै 2016 मध्ये तेव्हाचे परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी हेल्मेट नसेल तर दुचाकीला पेट्रोल नाही, असं जाहीर केलं. पंपचालकांनी विरोध केला. नियम राबवायला गेलं तर मार आमच्या पोरांना बसेल, ही त्यांची चिंता होती. दोनएक आठवड्यांतच सरकारला ती सक्ती मागे घ्यावी लागली. म्हणजे ज्या पोराने तेव्हा "हेल्मेट घाला" म्हणावं अशी सरकारची अपेक्षा होती, तोच आता रात्रीच्या वेळी "हेल्मेट काढा" म्हणतो. गिऱ्हाईक वैतागतं यात नवल नाही.

सराफाच्या दुकानाची गोष्ट मात्र निराळी. काचेचं दार आतून बटण दाबल्याशिवाय उघडत नाही. दारावर सूचना असते: हेल्मेट, स्कार्फ, गॉगल काढून आत यावे. वर कॅमेरा. इथे मी पूर्णपणे दुकानदाराच्या बाजूची आहे. मोटारसायकलवरून येऊन गळ्यातलं मंगळसूत्र ओढून नेणाऱ्यांच्या बातम्या प्रत्येक गावात आहेत आणि त्यांतल्या अनेकांत फिर्यादीला चोराचा चेहरा सांगता येत नाही. सप्टेंबर 2017 मध्ये बेंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश यांच्यावर गोळ्या झाडणारा कॅमेऱ्यात दिसला तो हेल्मेट घातलेला. तपासात त्याच्या चालण्याच्या लकबीचाही शास्त्रीय अभ्यास करून घ्यावा लागला. लाखांचा माल उघड्यावर मांडून बसणाऱ्याने चेहरा बघायला मागितला तर त्याने माझा अपमान केला, असं मी मानत नाही.

पण काढायला लागतं म्हणजे काय लागतं, हे दुकानदारांनी एकदा बघायला हवं. माझंच सांगते. आधी चष्मा काढायचा, कारण हेल्मेट ओढताना त्याच्या काड्या अडकतात. तो पर्समध्ये. मग हनुवटीखालचा खटका दाबून पट्टा सोडायचा, दोन्ही बाजूंचे पट्टे बाहेर ताणून हेल्मेट वर ओढायचं. आत डोक्याला गुंडाळलेला स्कार्फ, तो सोडायचा. केस घामाने चिकटलेले. पुन्हा चष्मा लावायचा. आता एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात स्कार्फ, खांद्यावर पर्स, आणि दार ढकलायला हात उरत नाही. आत गेल्यावर काउंटरवर हेल्मेट ठेवलं तर नोकराच्या कपाळाला आठी. खाली ठेवलं तर कोणाचा तरी पाय लागतो. पावसाळ्यात त्यातून पाणी गळतं ते वेगळंच. मी पाहिलेल्या दुकानांत हेल्मेट काढायला सांगणारी पाटी सगळीकडे होती, काढलेलं हेल्मेट ठेवायची जागा एकाही ठिकाणी नव्हती.

म्हणून लोक ते बाहेर गाडीवर ठेवतात. आरशाला अडकवतात, नाहीतर सीटवर. आरशाचं टोक आतल्या पांढऱ्या, थर्माकोलसारख्या थरात रुततं. अपघातात आपटण्याचा जोर हाच थर स्वतः चेपून घेतो आणि एकदा चेपला की तो पुन्हा पूर्ववत होत नाही. सीटवरून हेल्मेट एकदा पडलं म्हणून ते लगेच निकामी होत नाही, हे खरं. पण रोज आदळआपट झाली तर काचेवर ओरखडे उठतात आणि रात्री मनमाड रोडवर समोरच्या ट्रकचा दिवा त्या ओरखड्यांत फुटून डोळ्यांसमोर पसरतो. मग माणूस काच वर करूनच गाडी चालवू लागतो.

यापेक्षा मोठं नुकसान खरेदीच्या वेळी होतं. रस्त्याकडेला हेल्मेट विकणाऱ्याजवळ थांबले तेव्हा गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकलं. "तोंड उघडं राहील असं दाखव, सारखं काढायची कटकट नको." आणि ते डोक्यावर टोपीसारखं बसणारं अर्धं हेल्मेट घेऊन जातात. भारतीय मानक आयएस 4151 चं चिन्ह नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायला 1 जून 2021 पासून देशात बंदी आहे, पण चिन्ह असलं तरी अर्धं हेल्मेट हनुवटी झाकत नाही. गाडीवरून पडणारा माणूस तोंडावरही पडतो. दिवसात चार ठिकाणी काढावं लागतं, या एका त्रासापायी लोक जबड्याचं संरक्षण सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

ज्या नगरमध्ये 1972 पासून कायनेटिकची लुना तयार झाली, तिथे दुचाकी ही घरातली वस्तू आहे. आजोबांनी लुना चालवली ती उघड्या डोक्याने आणि हळू. नातू त्याहून कितीतरी वेगाने जातो, म्हणून त्याला हेल्मेट लागतंच.

दुकानातून बाहेर पडल्यावर काय होतं, ते मी मुद्दाम बघितलं. काही जण हेल्मेट नीट घालून पट्टा लावतात. काही जण नुसतं डोक्यावर ठेवतात, पट्टा लोंबत राहतो. आणि ज्यांना पुढच्या चौकात पुन्हा थांबायचं असतं, ते हेल्मेट कोपरात अडकवून निघतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्ये हेल्मेट पट्ट्याने डोक्याला घट्ट बांधलेलं असावं, असं लिहिलेलं आहे. मोकळा पट्टा म्हणजे कायद्याने हेल्मेट नसल्यासारखंच. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांतल्या 50,029 दुचाकीस्वारांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं आणि 14,337 त्यांतले मागे बसलेले होते. चांगलं हेल्मेट मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी कमी करतं, असं जगभरच्या अभ्यासांतून दिसलं आहे.

एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या गेटवर मी चांगली पद्धत पाहिली. हेल्मेट नसेल तर दुचाकी आत सोडत नाहीत. आणि आत सोडताना रखवालदार मामा काच वर करायला सांगतात, ओळखपत्राशी चेहरा ताडून बघतात, हात करतात. काही सेकंदांत गाडी आत. पुढे पार्किंगपाशी लोखंडी मांडणी आहे, तिच्यावर हेल्मेटं ओळीने ठेवलेली. ओळख पटली आणि हेल्मेटही शाबूत राहिलं.

हेच बाहेर करायला फार खर्च नाही. पंपचालकांनी पाटी लावावी आणि तिच्यावर "काच वर घ्या" एवढंच लिहावं. रात्री शंका आलीच तर पोराने हेल्मेट काढायला जरूर सांगावं. सराफांनी आणि बँकांनी दाराच्या आत, कॅमेऱ्यासमोर, चार खुंट्यांची एक फळी बसवावी आणि आपल्या माणसाला "ताई, तेवढं हेल्मेट काढता का, इथे ठेवा" असं म्हणायला शिकवावं. आणि गाडी चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: काढायला सांगितलं तर काढा, पण किल्ली फिरवण्याआधी हेल्मेट पुन्हा डोक्यावर घाला आणि पट्ट्याचा खटका लागल्याचा आवाज ऐका.