गाठीचा पैसा

स्वयंपाकघरातील एखाद्या डब्याच्या तळाशी, तांदळात किंवा मोहरीत, घडी करून ठेवलेल्या दोनचार नोटा तुम्ही कधी पाहिल्या असतील. घरात कोणी आजारी पडले, शाळेची फी भरावयाची राहिली किंवा अवेळी प्रवासास निघावे लागले, की आई तो डबा उघडते आणि वेळ निभावून जाते. पूर्वी स्त्रिया पदराच्या गाठीत व पुरुष धोतराच्या कनवटीला असा पैसा बांधून ठेवीत. म्हणून त्यास ‘गाठीचा पैसा’ म्हणतात. ज्या घरात दोन वेळचे जेवणही जेमतेम भागते, त्या घराने हा पैसा जोडावा कसा, आणि तो अपुरा पडल्यास साहाय्य मागावे कोठे, हे आज आपणांस पाहावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. गरीब मनुष्य उधळ्या असतो म्हणून गरीब राहतो, असे काही लोक समजतात. हे खरे नव्हे. श्रीमंताचे सर्व खर्च भागून जे उरते, ते तो सहज शिलकीत टाकतो. मोलमजुरी करणाऱ्याच्या हाती मात्र खर्चानंतर काही उरतच नाही. शिवाय, तेल, साखर, डाळ या वस्तू एकदम घेतल्या तर स्वस्त पडतात. पण रोजची मजुरी हाती आल्यावर रोज थोडे थोडे सामान घेणाऱ्यास त्याच वस्तूंचे अधिक दाम मोजावे लागतात. म्हणून अल्प मिळकतीच्या माणसाने बचत करावयाची ती खर्चानंतर नव्हे, तर खर्चापूर्वी. मग ती दिवसाकाठी पाच रुपयांची का असेना. दळणाआधी मूठभर धान्य बाजूस काढून ठेवणारी आपली आजी हेच तत्त्व आचरीत असे. पोटास चिमटा घेऊन किंवा औषध टाळून पैसा साठविणे ही काटकसर नव्हे. अनावश्यक ते टाळून आवश्यक त्यासाठी तरतूद करणे, हीच खरी काटकसर होय.

ही तरतूद नसली म्हणजे काय होते, ते मी माझ्या शाळेत पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी सातवीच्या वर्गातील एक हुशार विद्यार्थी एकाएकी शाळेत येईनासा झाला. त्याच्या आईवर शहरातील एका रुग्णालयात शस्त्रक्रिया करावी लागली होती. वडील शेतमजूर, गाठी पैसा नव्हता. त्यांनी गावातील एका सावकाराकडून २०,००० रुपये काढले. व्याज शेकडा पाच. ऐकावयास पाच हा आकडा लहान वाटतो. परंतु हे पाच रुपये वर्षाचे नव्हेत, महिन्याचे! तुम्हीच हिशेब करा. २०,००० रुपयांवर दरमहा १,००० रुपये व्याज झाले. वर्षात १२,००० रुपये भरूनही मुद्दल २०,००० रुपये जसेच्या तसे उभे! व्याज फेडण्यासाठी वडिलांनी दुसऱ्याच्या शेतावर सालगडी म्हणून काम धरले आणि मुलाच्या हाती गुरे आली. आई बरी झाली. पण त्या मुलाची शाळा सुटली ती कायमचीच.

कर्जाचा हा फास महाराष्ट्रास नवा नाही. इ. स. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील अनेक गावी त्याचे लोण पसरले. शेतकऱ्यांचा रोख होता तो मुख्यतः कर्जरोख्यांवर; ते कागद हिसकावून घेऊन त्यांनी जाळले. इतिहासात हा प्रसंग ‘दख्खनचे दंगे’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यानंतर १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. पण कायद्याने जुन्या कर्जाचा जाच कमी झाला, तरी नवी गरज भागविण्यास पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न उरलाच. त्याचे उत्तर लोकांनी एकत्र येऊन शोधावयाचे होते. १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि तो मार्ग खुला झाला. आज महाराष्ट्रात सावकारीचा धंदा करण्यास परवाना लागतो. २०१४ च्या कायद्यानुसार परवान्यावाचून सावकारी करणे हा गुन्हा आहे.

आता गाठीचा पैसा ठेवावा कोठे? डब्यातील नोटांना चोराचे, उंदराचे आणि आपल्या स्वतःच्या मोहाचेही भय असते. त्यापेक्षा टपाल कचेरी बरी. आपल्या देशात टपाल कचेऱ्यांतून बचत बँकेचे काम १८८२ साली सुरू झाले. खेडोपाडी आजही ते चालू आहे. वयाची दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलास तेथे स्वतःच्या नावाने खाते उघडता येते व ते स्वतः चालविता येते. म्हणजे हा पाठ वाचणाऱ्या तुम्हांलाही ते करता येईल. दरमहा ठरावीक रक्कम पाच वर्षे भरावयाची आवर्ती ठेव तेथे १०० रुपयांपासून ठेवता येते. मात्र थोड्या दिवसांत पैसे दुप्पट करून देतो, असे सांगणारा कोणी दारी आला, तर त्यास दारातूनच परत पाठवावे. कष्टाचा पैसा असा दुप्पट होत नसतो. बहुधा तो जातो, आणि मुद्दलासह जातो.

एकट्याची बचत तुटपुंजी असते. अनेकांची एकत्र आली की तिला बळ येते. बचत गटाचे मूळ याच विचारात आहे. एकमेकींस ओळखणाऱ्या, साधारण सारख्याच परिस्थितीतील दहा ते वीस स्त्रिया एकत्र येतात. समजा, बारा जणींनी दरमहा १०० रुपये जमा केले, तर वर्षाचे १४,४०० रुपये आणि दोन वर्षांचे २८,८०० रुपये होतात. त्यांतून गरजू सभासदास कर्ज देतात. व्याज शेकडा दोन धरले, तर २०,००० रुपयांवर पहिल्या महिन्यात ४०० रुपये होतात. मुद्दलही हप्त्याहप्त्याने फिटत असल्यामुळे पुढे व्याज उतरत जाते. शिवाय ते व्याज सावकाराच्या तिजोरीत न जाता गटाच्याच पेटीत पडते.

गट नीट चालावा म्हणून पाच नियम पाळतात. ठरल्या दिवशी बैठक घेणे, ठरलेली बचत भरणे, आपसांत कर्ज देणे, ते वेळेवर फेडणे आणि सर्व हिशेब लिहून ठेवणे, हे ते पाच नियम होत. यांतील शेवटचा नियम सर्वांत महत्त्वाचा आहे. हिशेब उघड असला की विश्वास टिकतो, आणि विश्वास टिकला की गट टिकतो. १९९२ साली राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने असे ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला. पुढे तो देशभर पसरला.

सातारा जिल्ह्यातील म्हसवड हे दुष्काळी माण तालुक्यातील गाव. तेथे रस्त्याच्या कडेला लोहारकाम करून राहणाऱ्या एका स्त्रीस पावसाळ्यापूर्वी आपल्या संसारावर घालावयास प्लास्टिकचे आच्छादन घ्यावयाचे होते. त्यासाठी रोज थोडे पैसे साठवावे म्हणून ती एका बँकेत गेली. पण रक्कम फारच लहान म्हणून तिचे खाते उघडले गेले नाही. तेव्हा चेतना सिन्हा व गावातील स्त्रियांनी स्वतःचीच बँक काढण्याचे ठरविले. बँक काढू पाहणाऱ्या स्त्रियांना लिहितावाचता येत नाही, म्हणून प्रथम त्यांना परवाना नाकारला गेला. त्या खचल्या नाहीत. गावी परतून त्या अक्षरे गिरवू लागल्या. काही महिन्यांनी पुन्हा जाऊन त्यांनी अधिकाऱ्यांस सांगितले, की आमच्या लहानपणी आमच्यासाठी शाळा नव्हती. पण व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवितो. १९९७ साली ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ सुरू झाली. एका आच्छादनाइतक्या लहान गरजेतून ती उभी राहिली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

एवढे करूनही काही संकटे अशी असतात, की त्यांपुढे गाठीचा पैसा पुरत नाही. अशा वेळी साहाय्य मागण्यात कमीपणा नाही. भीक आणि हक्क यांत फरक आहे. जे कायद्याने आपले आहे, ते मागणे म्हणजे हात पसरणे नव्हे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार पात्र कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो, आणि अंत्योदय योजनेतील कुटुंबास ३५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अल्प मिळकतीचे लोक यांना न्यायालयाच्या कामी मोफत वकील मिळतो. तसेच महाराष्ट्रात धर्मादाय संस्थांनी चालविलेल्या मोठ्या रुग्णालयांत शंभरांतील दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत, आणि आणखी दहा खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवाव्या लागतात.

हे शेवटचे वाक्य लिहिताना मला तो सातवीतला विद्यार्थी आठवतो. त्याच्या आईस ज्या रुग्णालयात नेले होते, तेही धर्मादाय संस्थेचेच होते. तेथे कोणी त्यांना राखीव खाटांविषयी सांगितले नाही, आणि वडिलांस ते विचारावे हे ठाऊक नव्हते. मलाही ही गोष्ट नंतर कळली. मुलगा चार दिवस आला नाही, तेव्हाच मी त्याच्या घरी गेलो असतो, चौकशी केली असती, तर कदाचित त्याची शाळा सुटली नसती. ही बोच माझ्या मनात अजून आहे. म्हणून तुम्हांस सांगतो, की माहिती हाही एक गाठीचाच पैसा आहे. शिधापत्रिका, मिळकतीचा दाखला, आधारपत्र हे कागद घरात एका जागी जपून ठेवावेत. कोठेही अर्ज दिला की त्याची पोच मागून घ्यावी. एका खिडकीवर नकार मिळाला, तर नकाराचे कारण विचारावे आणि वरच्या अधिकाऱ्याकडे जावे. आणि आपणांस जे कळले, ते शेजाऱ्यास सांगावे.

घेतलेल्या साहाय्याची परतफेड अशीच होत असते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रही दिले. मुलांनीही श्रम करून आपल्या शिक्षणास हातभार लावला. ‘कमवा आणि शिका’ हा त्या संस्थेचा बाणाच झाला. तेथे शिकलेल्या कित्येकांनी पुढे दुसऱ्यांच्या मुलांना शिकविले. आज आपण कोणाचा हात धरून उभे राहिलो, तर उद्या आपला हात दुसऱ्यासाठी पुढे व्हावा, यातच घेतलेल्या मदतीचे सार्थक आहे.

थेंबे थेंबे तळे साचते, हे खरे. पण तळ्याचा बांध एकट्याने बांधून होत नाही; त्यास गावाचे हात लागतात. आपल्या वर्गातील एखादा मित्र काही दिवस शाळेत आला नाही, तर त्याच्या घरी जाऊन या. कदाचित त्या घरास पैशापेक्षाही कोणीतरी विचारपूस करण्याचीच गरज अधिक असेल.

स्वाध्याय

१. काटकसर व कंजूषपणा यांतील फरक उदाहरण देऊन सांगा.
२. अल्प मिळकतीच्या माणसाने खर्चापूर्वी बचत का करावी?
३. ५,००० रुपयांवर दरमहा शेकडा पाच व शेकडा दोन या दरांनी वर्षाचे व्याज किती होईल? दोहोंतील फरक काढा.
४. ‘माहिती हाही एक गाठीचाच पैसा आहे,’ असे लेखक का म्हणतात?
५. जवळच्या टपाल कचेरीत जाऊन बचत खाते उघडण्याची माहिती मिळवा व ती वर्गात सांगा.