मीना सोन्याला कसा धरतो?

आमेर-जयपूरकडचा कुंदनाचा हार उलटून पाहा. मागच्या बाजूला निळी, हिरवी, लाल वेलबुट्टी दिसेल. राजा मानसिंह यांनी या कामाचे कारागीर लाहोरहून आमेरला आणले, असं सांगतात. हा मीना धुतला तरी उतरत नाही, कारण तो वरून फासलेला रंग नव्हेच. ती सोन्यावर वितळवलेली काच आहे.

या काचेत रंग भरतात ती धातूंची ऑक्साइडं. निळ्यासाठी कोबाल्ट, हिरव्यासाठी तांबं. धातूच्या अणूचे बाहेरचे इलेक्ट्रॉन सैल असतात, तर ऑक्सिजनला दोन कमी पडतात. कोबाल्ट दोन देतो, ऑक्सिजन घेतो. देणारा धनभारित, घेणारा ऋणभारित. मग दोघं एकमेकांना घट्ट ओढून धरतात. कोबाल्टचे उरलेले इलेक्ट्रॉन प्रकाशातला पिवळा-नारिंगी भाग गिळतात आणि आपल्याला गर्द निळा दिसतो.

सोनं मात्र ऑक्सिजनला सहजी काही देत नाही. म्हणूनच सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या भट्टीतही शुद्ध सोनं काळवंडत नाही, रंगांखाली लखलखत राहतं. पण याच गुणामुळे अडचणही होते. तांब्यावर मीना करताना तांब्याच्या ऑक्साइडचा पातळ थर काचेत विरघळून दोघांना सांधतो. सोन्यावर तो थरच नाही. मग गिलावा धरावा म्हणून गवंडी भिंत खडबडीत करतो, तसा कारागीर सोन्यात खळगे कोरून तळाशी बारीक रेघा ओढतो. काच त्यांत रुतून बसते. रंगही एकेक करून भाजायचे: जास्त आच सोसणारा पांढरा आधी, नाजूक लाल सगळ्यांत शेवटी.