पहारेकऱ्याची खिडकी

कुंपणानेंच शेत खाल्लें तर दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न जुनाच आहे. घराच्या रक्षणासाठीं बसविलेल्या कॅमेऱ्यांच्या बाबतींत तो आज नव्यानें उभा राहतो.

झोनमाइंडर नांवाचें एक विनामूल्य सॉफ्टवेअर आहे. फिलिप कूम्ब्स यांनीं तें २००२ सालीं प्रथम प्रसिद्ध केलें. लिनक्सवर चालणारें हें सॉफ्टवेअर कॅमेऱ्यांचीं चित्रें घेतें आणि त्यांत हालचाल दिसली कीं तेवढा भाग वेळेसह सांठवून ठेवतें. हीं चित्रें ब्राउझरमध्यें पाहावयाचीं असतात. आणि ब्राउझरला उत्तर देण्यासाठीं संगणकावर वेब सर्व्हर लागतो.

वेब सर्व्हर म्हणजे कचेरींतील कारकूनच होय. ब्राउझरची मागणी तो योग्य त्या खात्याकडे पोंचवितो व आलेलें उत्तर परत धाडतो. येथें हें काम बहुधा अपाचे हा सर्व्हर करतो. पीएचपी भाषेंतील भाग पान तयार करतो. घटनांची नोंद मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसमध्यें असते. चित्रें डिस्कवर राहतात. हे घटक बसवून सर्व्हर पुन्हां सुरू केला, आणि संगणकाच्या पत्त्यापुढें तिरकी रेघ व 'झेडएम' हीं अक्षरें लिहिलीं, कीं पान उघडतें.

एक बारीक गोष्ट मात्र सहज राहून जाते. पीएचपीला स्थानिक कालविभाग स्पष्ट सांगावा लागतो. तो न सांगितल्यास भारतांत साडेपांच तासांचा फरक पडूं शकतो. पहांटे पांचची चोरी आदल्या रात्रीं साडेअकराची दिसली, तर त्या नोंदीचा उपयोग काय?

खरी मेख पुढेंच आहे. पान उघडलें म्हणजे काम संपलें असें वाटतें. परंतु प्रवेशाची तपासणी मूळ मांडणींत बंद असते. त्या जाळ्यांतील कोणीहि तें पान पाहूं शकतो. म्हणून तपासणी सुरू करावी, आणि वापरणाऱ्याचें नांव व परवलीचा शब्द हीं दोन्ही प्रथम 'ॲडमिन' असल्यामुळें शब्द ताबडतोब बदलावा. साध्या एचटीटीपीनें तो शब्द पोस्टकार्डावरील मजकुरासारखा उघडा जातो. एचटीटीपीएसनें तो बंद लखोट्यांतून जातो. त्यासाठीं लागणारें प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' ही संस्था विनामूल्य देते. त्याची मुदत संपते, हें ध्यानांत ठेवून नूतनीकरणाची व्यवस्था आधींच लावावी.

हयगयीचें फळ २०१६ सालीं जगानें पाहिलें. 'मिराई' या घातकी प्रोग्रामनें कारखान्यांतून ठरून आलेल्या नांवांच्या व परवलींच्या सुमारें साठ जोड्या आजमावून असंख्य कॅमेरे व चित्रमुद्रक यंत्रें ताब्यांत घेतलीं. २१ ऑक्टोबर रोजीं अशाच यंत्रांकरवीं अमेरिकेंतील डिन या कंपनीवर मागण्यांचा भडिमार झाला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखीं स्थळें अनेकांस कित्येक तास उघडेनात. राखणीस ठेवलेलीं यंत्रेंच दरोडेखोरांच्या टोळींत सामील झालीं होतीं.

म्हणून क्रम सोडूं नये. पान प्रथम त्याच संगणकावर व मग घरच्या जाळ्यांत उघडून पाहावें. नंतर परवलीचा शब्द, नंतर प्रमाणपत्र. परगांवाहून पाहण्याची गरज पडल्यास सर्व्हर साऱ्या जगास खुला न करतां व्हीपीएनच्या खासगी वाटेनेंच त्याच्यापर्यंत जावें. तेवढी दक्षता घेतली, तर कुंपण कुंपणाचेंच काम करील.