पारीवरून मागे पाहताना

शाळेच्या वहीत मी ‘तलावाची पार’ असे लिहिले की खाली लाल रेघ यायची. शुद्ध शब्द ‘पाळ’. आमच्या झाडीबोलीत ळ नाही, ण नाही. आम्ही डोळ्याला डोरा आणि पाण्याला पानी म्हणणारी माणसे. 1985च्या सुमारास भंडारा जिल्ह्यातल्या लाखनीच्या आम्हा पोरांना त्या रेघेची फार लाज वाटे. पुढे नागपूरला शिकायला गेलो आणि तो शब्द मी टाकूनच दिला. चाळीस वर्षांनी आज कळते, शब्दासोबत तलावही माझ्या हातून सुटला होता.

आजोबांना तो तलाव पाठ होता. धान गर्भात आले आणि पावसाने दडी मारली की पाणी सोडण्याचा दिवस ठरे. तुडुमापाशी, म्हणजे पाणी सोडायच्या तोंडाशी, पाणकर उतरायचा. तलावाचे पाणी जसे खाली जाईल तशी खालची खुंटी काढायची, हा नियम. खुंटी निघाली की आधी घुसमटल्यासारखा आवाज यायचा, मग पाटात गढूळ पाण्याची जीभ पुढे सरकायची. आजोबा अनवाणी तिच्यासोबत चालत धानाच्या बांधीपर्यंत जायचे. मी त्यांच्या मागे. पाणी आपल्या बांधीत शिरले की ते वाकून ओंजळभर डोळ्यांना लावायचे. त्यांनी देवासमोरही इतके वाकलेले मला आठवत नाही.

आमच्या भागातले असे अनेक तलाव गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधले. जो तलाव बांधेल त्याला खालची जमीन मिळे, म्हणून गावोगाव पारी उभ्या राहिल्या. नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशयही कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. 1950च्या कायद्याने मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपली, तलाव सरकारकडे गेले आणि त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे ‘मामा’ तलाव हे नाव पडले. मालगुजारी जायलाच हवी होती. पण तिच्यासोबत गावाची देखरेखही हळूहळू गेली, हे नुकसान मोठे. गाळ साचला, बेशरमची झुडपे माजली. 1 मे 1999ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि शाळेत ‘आपल्या जिल्ह्यातले’ म्हणून पाठ केलेले नवेगावबांध, नागझिरा एका दिवसात शेजारचे झाले. तेव्हा मी मुंबईत होतो. मनाला लागले, पण गावी आलो नाही.

मला परत आणले ते साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या झाडीबोलीवरच्या कामाने. वहीत लाल रेघ खाल्लेल्या बोलीला स्वतःचे नियम आहेत, ती अशुद्ध मराठी नव्हे, हे वाचताना मला पहिल्यांदा आजोबांचा आवाज ऐकू आला. मग मारुती चितमपल्ली आठवले. वनाधिकारी म्हणून ते नवेगावला राहिले आणि तिथल्या आदिवासी, मासेमार ढिवर माणसांकडून रानाची, पाखरांची नावे शिकत गेले. बाहेरून आलेला माणूस नम्रपणे जे शिकला, ते मी घरात असून सोडले होते.

आता वर्षातून दोनदा येतो. हमरस्ता रुंदावला, लाखनीत उड्डाणपूल झाला. तरीही पारीवर गेले की दिशा चुकत नाही. भंडारा-गोंदियातल्या काही तलावांत ढिवर बाया कमरेएवढ्या पाण्यात उतरून बेशरम उपटतात आणि मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावतात. त्या वनस्पतींच्या आडोशाला मासे अंडी घालतात, हिवाळ्यात बदकांना चारा मिळतो. कोणती वनस्पती कुठे रुजेल हे या बायांना ठाऊक असते, कारण तिचे नाव त्यांच्या तोंडी अजून आहे.

दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला तुम्हीही गावी याल. रात्रीचे नाटक बघाच. पण त्या दुपारी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला धरून पारीवर न्या. तुडुम, सलंग, पाणघाट, काठची झाडे, पाण्यातले गवत, जी नावे तो सांगेल ती त्याच्याच उच्चारात लिहून घ्या. ‘पार’ म्हणाला तर ‘पार’च लिहा.